वऱ्हाडी स्त्रीचे दैनंदिन कलाजीवन : भिंत, वाकळ, ओवी आणि भुलाबाई (अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कलेचा इतिहास लिहिताना आपण साधारणतः कलावंताचे नाव, त्याची कलाकृती आणि तिचा काळ या तीन गोष्टींचा शोध घेतो. या तिन्ही गोष्टी जेथे हाती लागत नाहीत तेथे इतिहासकार थांबतो आणि ते क्षेत्र लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे सोपवतो. वऱ्हाडातील शेतकरी व शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत नेमके हेच घडले. ती भिंत सारवून तिच्यावर चित्र रेखाटत होती, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होती, जात्यावर ओवी रचत होती आणि लेकीबाळींना भुलाबाईची गाणी शिकवत होती. चित्र, शिवण, काव्य व संगीत या चार कला एकाच व्यक्तीच्या हातून, एकाच घरात आणि घरकामाच्या एकाच ओघात प्रकट होत होत्या. असे असूनही वऱ्हाडच्या इतिहासात 'कलावंत' म्हणून तिची नोंद नाही.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पहिला प्रश्न असा की, या चार कला एकत्र कशामुळे नांदत होत्या? दुसरा प्रश्न असा की, त्या परस्परांपासून वेगळ्या कशा झाल्या आणि या प्रक्रियेत त्यांची निर्माती का हरवली? या कला केवळ यंत्रयुगामुळे लोप पावल्या असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. यंत्राने तिचे काम बदलले. तिचे नाव मात्र नोंद घेणाऱ्यांच्या पद्धतीमुळे गेले, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

चार कलांचे एकत्व

भाषेतच या एकत्वाची साक्ष सापडते. 'ओवी' हा शब्द 'ओवणे' या क्रियापदाशी जोडला जातो. सुईत दोरा ओवावा, तशी ओवीत अक्षरे ओवली जातात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. मराठी ग्रंथरचनेचा काळ सुरू होण्यापूर्वीची ही नोंद आहे आणि तिच्यात गाणे व काम यांची जोडी आहे. ओवी कोणी लिहिली असे तेथे म्हटलेले नाही. ती कोणते काम करताना गातात एवढेच सांगितले आहे. स्त्रीच्या कलेची व्याख्या तिच्या कामाशी जोडलेली होती, हा त्याचा अर्थ होय.

वऱ्हाडातील स्त्रीच्या दिवसाची रचना पाहिल्यास हेच दिसते. पहाटे दळण, मग सडा-सारवण व दारापुढील रांगोळी, त्यानंतर शेतातील निंदण किंवा वेचणी आणि रिकामा वेळ मिळेल तेव्हा सुई-दोरा. जात्याच्या फेऱ्यावर ओवीची लय ठरे. खुंटा ओढणारा हात दमला की ओळ आखूड होई, जोडीला दुसरी बाई बसली की ओवीला उत्तर मिळे. येथे संगीत हे काव्याला मागाहून लावलेले नसते. चाल आणि शब्द एकाच श्रमातून जन्माला येतात.

दिवसाप्रमाणे वर्षाचेही एक वेळापत्रक होते. श्रावणात नागपंचमीला भिंतीवर गंध, हळद वा कोळशाने नाग काढले जात. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्यांचे आगमन होई. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना 'गौरी' म्हणतात त्यांना वऱ्हाडात 'महालक्ष्म्या' म्हणण्याचा प्रघात आहे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन अशा तीन दिवसांत उंबरठ्यापासून देवघरापर्यंत पावले रेखाटणे, मुखवटे मांडणे, लुगडी नेसवणे, दागिने घडवणे व आरत्या-गाणी म्हणणे ही सारी कामे घरातील स्त्रियाच करीत आल्या आहेत. यातील चित्र कोणते, वस्त्ररचना कोणती आणि संगीत कोणते हे वेगळे काढणे शक्य आहे. पण करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ते एकच काम आहे.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईचा महिना. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. मातीच्या मूर्ती मांडून मुली टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, त्यानंतर डब्यातील खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. सासर-माहेर, रुसवे-फुगवे, डोहाळे हे या गाण्यांचे विषय होत. पश्चिम महाराष्ट्रातील हादगा-भोंडल्याशी या खेळाचे नाते आहे, तथापि तेथील हत्तीची जागा विदर्भ-खानदेशात भुलाबाई-भुलोजींनी घेतलेली आहे. हा खेळ म्हणजे मुलीचे पहिले कलाशिक्षण होय. ताल, शब्द, मूर्ती आणि आरास या साऱ्यांचे धडे तिला येथेच मिळत आणि पुढे तीच मुलगी जात्यावर बसे तेव्हा तिच्या गळ्यात चाल आधीच बसलेली असे.

दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीच्या आरंभी शेतात 'सीतादही' करण्याची वऱ्हाडात प्रथा आहे. कापसाच्या झाडाची पूजा करून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच वेचणीला हात लावतात. लुगड्याच्या पदराची ओटी करून तिच्यात कापूस वेचणाऱ्या बायांच्या तांड्यात गाणे असतेच. उन्हाळ्यात शेतातील कामे आटोपली की पेरणीपूर्वीच्या दिवसांत वाकळ शिवण्याचा हंगाम येतो. ळकाराचा यकार करण्याच्या वऱ्हाडी सवयीने तिला 'वाकय' म्हणतात. ओट्यावर वा अंगणात जुने लुगडे अंथरून, त्यावर धोतरांचे व चिंध्यांचे थर लावून, वर दुसरे लुगडे घालून साध्या धावदोऱ्याने ती शिवली जाते. टाके बहुधा कडेने सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत सरकतात. चारही बाजूंना बाया बसल्या म्हणजे शिवण हे मैफलीसारखे होते. जात्यावर दोघींची ओवी, तशी वाकळीभोवती चौघींची.

काळी आणि पांढरी : साधनांचा इतिहास

मराठी मुलखातील गावाच्या जमिनीचे दोन भाग परंपरेने मानले जातात : शेतीची 'काळी' आणि वस्तीची 'पांढरी'. वऱ्हाडी स्त्रीच्या कलेचे साहित्य या दोन मातींतून आले. पांढरीतून, विशेषतः पडक्या गढ्यांतून आणलेल्या मातीने तिने भिंती पोतारल्या. काळीत पिकलेल्या कापसाने तिला सूत आणि कापड दिले. म्हणून काळीचा आर्थिक इतिहास हा तिच्या वाकळीचाही इतिहास ठरतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि इंग्रजांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा या स्थानकांवरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. खामगावचा रेल्वेफाटा व कापूस बाजार यांचे उद्घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते झाले. अमरावती, अकोला, खामगाव ही नावे लिव्हरपूलच्या बाजारात परिचित झाली. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल उभी राहिली.

या बदलाचा घरातील परिणाम कापूस-व्यापाराच्या आकड्यांत दिसत नाही. पूर्वी कापसाचा काही भाग घरातच राही. सरकी काढणे, पिंजणे, कातणे या क्रियांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. कापूस गाठींत बांधला जाऊन बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे कापड घरात येऊ लागले, तेव्हा कातणारी स्त्री वेचणारी मजूर झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडाला जबर तडाखा दिला. 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) या ग्रंथात लक्ष्मण सत्या यांनी कापसाची वाढ आणि दुष्काळाचे संकट या दोहोंचा परस्परसंबंध मांडला आहे. ज्या प्रदेशातून कापसाच्या गाठी परदेशी जात होत्या, त्या प्रदेशातील स्त्री जुन्या कापडाचा तुकडाही वाया जाऊ देत नव्हती. वाकळीच्या थरांमध्ये हा विरोधाभास शिवलेला आहे.

म्हणून वाकळ हे एक दफ्तर आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. शिवणीचा दोरा हातसुताचा आहे की रिळाचा, आतील थर धोतराचे आहेत की पोत्याचे, वरचे लुगडे हातमागाचे आहे की गिरणीचे, यांवरून त्या घराची खरेदीशक्ती व बाजाराशी असलेले नाते वाचता येते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिंथेटिक साड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. जुने सुती लुगडे धुवून धुवून मऊ होई. सिंथेटिक साडी तशी होत नाही आणि घामही टिपत नाही. त्यामुळे चमकदार रंगांची, पण अंगाला न मानवणारी वाकळ तयार होऊ लागली. रंगसंगतीतील हा फरक अभिरुचीचा नसून कापडबाजाराचा आहे. कलासमीक्षक जेथे शैली पाहील तेथे इतिहासकाराने किंमत आणि पुरवठा पाहावयास हवा.

नोंद कोणाची राहिली? रिद्धपूर ते आसोदा

वऱ्हाडातील स्त्रीची कला मुळीच नोंदली गेली नाही असे मात्र नाही. तिची सर्वांत जुनी आणि सर्वांत भाग्यवान नोंद अमरावती जिल्ह्यातीलच आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे महदंबेने धवळे रचले. गोविंदप्रभूंना आपल्या विवाहाची लहर आली, त्या प्रसंगी तिने ही गाणी म्हटली, अशी महानुभाव परंपरा आहे. 'धवळे' हा मुळात लग्नात स्त्रियांनी गावयाच्या गाण्यांचा प्रकार. म्हणजे मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो तिने नवा काव्यप्रकार शोधला नाही. बायांच्या नित्याच्या गाण्यालाच तिने रुक्मिणी-स्वयंवराचे कथानक दिले.

महदंबेच्या काळी लग्नघरांत धवळे गाणाऱ्या इतर स्त्रियाही असल्याच पाहिजेत, कारण त्याशिवाय तो प्रकार तिला उपलब्ध झाला नसता. त्यांची गाणी विरून गेली आणि महदंबेची राहिली, याचे कारण केवळ गुणवत्ता नव्हे. महदंबा अशा पंथात होती की जो गुरूंच्या व शिष्यांच्या बारीकसारीक व्यवहारांची लेखी नोंद ठेवीत होता. म्हाइंभटाचे 'लीळाचरित्र' याच रिद्धपुरी सिद्ध झाले. पुढे हे वाङ्मय सांकेतिक लिपीत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनी हे वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणले. अशा रीतीने एका स्त्रीचे गाणे टिकण्यासाठी एक पंथ, त्याचे लेखक, सहा शतके पोथ्या सांभाळणारे मठ आणि आधुनिक संशोधक एवढी साखळी लागली. रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, या घटनेकडे पाहताना हा संदर्भ विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण वऱ्हाडाच्या सीमेलगतचे आहे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. जाते, चूल, शेत, मोट यांच्या सान्निध्यात त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव चौधरी व अन्य आप्तांनी टिपून ठेवली. ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. येथेही सूत्र तेच दिसते. कवयित्रीच्या शेजारी लिहिणारा होता. सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून त्यांनी आईमधील कवयित्री ओळखली आणि शब्द टिपले. बहिणाबाई कोणत्या चालीवर गात, कोणते काम करताना कोणते गाणे येई, याची नोंद शब्दांइतकी तपशीलवार झाली नाही. पुढे चित्रपटाद्वारे त्यांची गाणी महाराष्ट्रभर पोहोचली ती संगीतकारांनी दिलेल्या चालींत.

या दोन उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, स्त्रीची कला नोंदली जाते तेव्हाही नोंदणाऱ्याला जे साधन ज्ञात आहे तेवढेच तिच्यातून उचलले जाते. लिहिणारा शब्द उचलतो आणि बाकीचे मागे राहते.

वाकळ चव्हाट्यावर येते तेव्हा

शिवण आणि गाणे यांची घरातील जोडी वऱ्हाडात एकदा फार ठळकपणे घराबाहेर आली, ती गाडगेबाबांच्या रूपाने. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजीचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी गेले. १९०५ मध्ये घर सोडल्यानंतर त्यांनी चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, हाती मडके व खराटा असा वेष धारण केला. लोक त्यांना 'गोधडे महाराज', 'चिंधेबुवा' अशाही नावांनी ओळखीत. दिवसा गाव झाडणे आणि रात्री कीर्तन करणे हा त्यांचा क्रम होता. कीर्तनाची भाषा घरोघरी बोलली जाणारी वऱ्हाडी होती आणि रीत प्रश्नोत्तराची होती.

कलेतिहासाच्या दृष्टीने या वेषाकडे पाहिले गेलेले नाही. वाकळ ही घरात, अंथरुणात असणारी वस्तू. पाहुणा आला की ती दिसू नये अशी दक्षता घेतली जाते. गाडगेबाबांनी ती अंगावर चढवून भर चौकात आणली. झाडणे, चिंध्या जोडणे आणि गात गात शिकवणे ही तिन्ही कामे घरातील स्त्रीची. ती एका पुरुषाने सार्वजनिक केली तेव्हा त्यांना लोकशिक्षणाचे रूप आले. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव सर्वथा उचित आहे. प्रश्न एवढाच उरतो की, जी कामे चव्हाट्यावर येताच इतिहासाचा विषय झाली, तीच कामे घरात करणाऱ्या स्त्रिया इतिहासाबाहेर का राहिल्या?

विभाजनाची प्रक्रिया

या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या नोंदव्यवस्थेत शोधावे लागते. ए. सी. लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये निघाले. अकोला व अमरावती जिल्ह्यांची स्वतंत्र गॅझेटियरे अनुक्रमे १९१० व १९११ मध्ये आली. जमीन, पिके, महसूल, जाती, व्यवसाय ही त्यांची चौकट होती. कापड विणणारा, रंगवणारा, शिवणारा कारागीर या चौकटीत बसतो, कारण त्याचा व्यवसाय जातीच्या नावाने ओळखता येतो. शिंप्याचे शिवण 'व्यवसाय' ठरले. घरातील स्त्रीचे शिवण कोणत्याच रकान्यात बसले नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी बोलीत हा भेद मूर्त केला आहे. तेथे शिंपीकामाचा व्यवसाय नवऱ्याचा आहे आणि संसार तगवण्याचे ओझे कौतिकचे आहे.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) वऱ्हाडीची शास्त्रशुद्ध नोंद केली. बोलींच्या तुलनेसाठी सर्वत्र वापरलेला बायबलमधील उधळ्या पुत्राचा दाखला वऱ्हाडीतही उतरवला गेला. भाषेचे व्याकरण त्यामुळे मिळाले. परंतु बोली ज्या गाण्यांत सर्वाधिक जिवंत होती ती गाणी या पद्धतीच्या उद्दिष्टातच नव्हती. पुढे मराठी अभ्यासकांनी हे काम हाती घेतले. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या संकलित केल्या. कमलाबाई देशपांडे यांनी 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' (१९४८) हे नाव देऊन मोठाच सिद्धान्त सुचवला. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या आणि गाणारणींची नावे, गावे व आवाजही जतन करण्याची दृष्टी तेथे दिसते. या संकलनांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. ओवी भाषाविभागाकडे गेली, वाकळ हस्तकलेकडे, भिंतीचे चित्र लोककलेकडे आणि भुलाबाई धर्मविधीकडे. शाळेतही शिवणकाम, चित्रकला, कविता व गायन यांचे तास वेगवेगळे झाले. चार खात्यांत वाटली गेल्यावर ती स्त्री कोणत्याच खात्यात पूर्णपणे सापडेना.

महाराष्ट्रातीलच वारली चित्रकलेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. लग्नाचा चौक भिंतीवर सुवासिनी रेखाटीत आणि 'धवलेरी' ही स्त्री-पुरोहित लग्नगीते गाई. 'धवलेरी' आणि महदंबेचे 'धवळे' या शब्दांचे साधर्म्य लक्षणीय आहे. १९७० च्या दशकात हे चित्र कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा थोर चित्रकार त्यातून जगाला मिळाला. कागदावर आलेल्या चित्राबरोबर धवलेरीचे गाणे मात्र येऊ शकले नाही आणि स्त्रियांची ही कला पुरुष चित्रकारांच्या नावाने प्रसिद्ध झाली.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीचे उदाहरण तर वऱ्हाडाशी कापसाच्याच धाग्याने जोडलेले आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या वंशज. ज्या युद्धाने त्यांच्या पूर्वजांची गुलामी संपवली त्याच युद्धाने वऱ्हाडाला लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधले. या स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. १९४१ मध्ये त्या वस्तीतील भक्तिगीते अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रित झाली. गोधड्यांचे मोठे प्रदर्शन ह्यूस्टनच्या व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले ते २००२ मध्ये. एकाच वस्तीचे गाणे आणि शिवण यांच्या सार्वजनिक नोंदींत साठ वर्षांचे अंतर पडले. तथापि, प्रदर्शनात शिवणारणींची नावे गोधडीशेजारी लावली गेली, हे महत्त्वाचे. नाव लागताच 'जुनी गोधडी' ही 'कलाकृती' झाली. वस्तू मात्र तीच होती.

कष्ट आणि कला : एक सावधगिरी

या विषयावर लिहिताना गौरवीकरणाचा मोह टाळणे आवश्यक आहे. जात्यावरची ओवी सुंदर असली तरी पहाटेचे दळण हे कष्टाचे काम होते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिचे स्वागत सर्वाधिक स्त्रियांनीच केले असणार. ओवी टिकावी म्हणून जाते परत यावे, असे म्हणण्याचा अधिकार दळण न दळलेल्यांना नाही. वाकळीच्या मुळाशीही सौंदर्यदृष्टीपूर्वी टंचाई आहे. सिमेंटच्या भिंतीचे घरकुल मिळालेल्या स्त्रीने पांढऱ्या मातीचा हव्यास धरावा ही अपेक्षा अन्यायाची ठरेल.

त्याचप्रमाणे या कला जातिनिरपेक्ष होत्या असेही मानता येत नाही. महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी लागणारी लुगडी व दागिने सर्वांच्या घरी नव्हते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा सत्याग्रह १९२७ मध्ये करावा लागला, याचा अर्थ उत्सवी कलेचे मुख्य स्थानच अनेक स्त्रियांना बंद होते. अशा स्त्रियांनी जात्याचा उपयोग वेगळ्या प्रकारे केला. महाराष्ट्रातील ओवीसंकलनांत बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या विपुल आढळतात. जुन्या साच्यात नवा आशय भरण्याची ही क्षमता ध्यानात घेतली म्हणजे ओवी ही केवळ परंपरेची पुनरावृत्ती नव्हती, तर विचारपूर्वक केलेली रचना होती हे सिद्ध होते. निर्मितीचा निकष हाच असेल, तर तिला कलावंत म्हणण्यास प्रत्यवाय उरत नाही.

कष्ट गेले ते बरेच झाले. त्या कष्टांत ज्यांनी काही निर्माण केले त्यांची ओळखही कष्टांबरोबर जावी, हे मात्र न्याय्य नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, वऱ्हाडी स्त्रीच्या चित्र, शिवण, काव्य व संगीत या कला काम आणि ऋतुचक्र यांनी एकत्र बांधलेल्या होत्या. दुसरा, एकोणिसाव्या शतकातील कापूस-अर्थव्यवस्थेने या कलांचे साहित्य व वेळ बदलले. म्हणून त्यांचा इतिहास आर्थिक इतिहासापासून वेगळा लिहिता येणार नाही. तिसरा, नोंदव्यवस्थेने या कलांचे विभाजन केले आणि ज्या थोड्या स्त्रियांची नावे राहिली त्या प्रत्येकीच्या शेजारी कोणी तरी लिहिणारा होता.

या तिसऱ्या निष्कर्षातूनच महाविद्यालयीन अध्यापकांवरील जबाबदारी निश्चित होते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील ज्या स्त्रियांनी स्वतः जाते ओढले, भिंती पोतारल्या आणि वाकळी शिवल्या त्या आज वृद्ध आहेत. त्यांच्या नाती आपल्या वर्गांत बसतात. मराठी, इतिहास, गृहअर्थशास्त्र व संगीत हे विभाग बहुतेक महाविद्यालयांत एकाच आवारात आहेत. त्यांनी ओव्यांचा, गोधड्यांचा वा रांगोळ्यांचा वेगवेगळा संग्रह करण्याऐवजी एक स्त्री, एक घर आणि एक संपूर्ण वर्ष हा नोंदीचा घटक मानावा. तिची संमती घेऊन, तिची इच्छा असेल तर तिच्या नावासह, ओवी वऱ्हाडी उच्चारांत लिहावी आणि कामाच्या आवाजासह ध्वनिमुद्रित करावी. वाकळीचे मोजमाप घ्यावे आणि प्रत्येक थराचे कापड कोणाचे व केव्हाचे हे तिलाच विचारावे. भिंतीचे छायाचित्र सणाच्या आधी व नंतरही घ्यावे. नोंदीची एक प्रत तिच्या घरी ठेवावी. बहुविद्याशाखीय संशोधनाची चर्चा आपण नेहमी करतो. वऱ्हाडातील स्त्रीने त्या शाखा कधी वेगळ्या केल्याच नव्हत्या. त्या आपण वेगळ्या केल्या आणि तिच्या इतिहासापुरत्या तरी त्या पुन्हा जोडण्याचे काम आपलेच आहे.